कमळाबाईच्या दाराचं लॉक

सापगावचा इंद्रजीत घाबरट आहे, हे सगळ्या सापगावाला ठाऊक आहे आणि सगळ्यात जास्त ते खुद्द इंद्रजीतला ठाऊक आहे. घरातून निघताना तो गॅसचं बटण दोनदा बघतो, कुलूप ओढून बघतो, आणि चार पावलं गेल्यावर परत येऊन ते पुन्हा ओढतो. वाशिंदच्या एका कारखान्यात तो वीस वर्षं मशीनवर आहे आणि वीस वर्षांत त्याच्या बोटाला साधं खरचटलेलं नाही. "मशीन चालवतोस का मशीनच्या पाया पडतोस?" असं त्याला सोबतच्या एकानं विचारलं होतं. इंद्रजीत हसला, पण हात जिथं ठेवायचा तिथंच ठेवला. घाबरणं हे त्याच्या मते एक काम आहे आणि घरातल्या एकानं तरी ते नीट करायलाच हवं.

असल्या माणसानं चौथ्या हाताची गाडी घेतली, तेव्हा शेजारपाजारचे लोक चाटच पडले. गाडी वीस वर्षांची. रंग मूळचा कुठला, यावर वाद होऊ शकेल अशी. पण ती त्यानं हौसेनं घेतली नव्हती, आईसाठी घेतली होती.

त्याची आई कमळाबाई. वय सत्तरच्या पुढं, अंगानं काटक. इंद्रजीत चार वर्षांचा असताना नवरा गेला आणि मग या बाईनं मुरबाडपासून टोकावड्यापर्यंत लोकांच्या शेतात आवणी केली, म्हणजे चिखलात भाताची रोपं लावली, भात कापलं, झोडलं आणि पोराला मोठं केलं. तीन वर्षांपूर्वी तिला विसर पडायला लागला. आधी आमटीत मीठ दोनदा पडायचं. मग नळावरून घरी येताना वाट चुकू लागली. मग एका सकाळी तिनं सुनेकडं, समीक्षाकडं बोट दाखवून विचारलं, "ही कोण बाय आपल्या घरात सैपाक करते?" समीक्षा चुलीसमोर नाही, गॅससमोर उभी राहून रडली आणि मग तिनं भाकरी टाकली, कारण भाकरी तर टाकायलाच हवी होती.

एकच नाव कमळाबाई विसरली नव्हती. संध्याकाळी इंद्रजीत कामावरून आला की ओटीवर बसलेली म्हातारी मान वर करायची आणि म्हणायची, "आलास रे इंद्या?" एवढं ऐकलं की त्याचा दिवस पार पडायचा. पण वळणावर घर दिसलं की रोज त्याची चाल मंद व्हायची. आज ती विचारील का? मुरबाडच्या डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, एक दिवस असा येईल की ती तुम्हालाही ओळखणार नाही, मनाची तयारी ठेवा. इंद्रजीतनं आयुष्यात सगळ्याची तयारी ठेवली होती, पण ही तयारी कशी ठेवतात ते त्याला कळत नव्हतं.

डॉक्टरांनीच आणखी एक सांगितलं होतं. तिला तिच्या माहेरी, लहानपणच्या जागी अधूनमधून नेत जा, तिथं ती शांत राहील. माहेर टोकावड्याच्या आत, भावाच्या, धाऊमामाच्या घरी. एसटीनं न्यावं तर ही मधल्याच कुठल्या तरी फाट्यावर उतरायला उठायची. म्हणून गाडी. दर रविवारी सकाळी निघायचं आणि जेवून दुपारी परत फिरायचं. समीक्षाला रविवारी दुकानात कामावर सुट्टी नसे, त्यामुळं गाडीत दोघंच, मायलेक.

एप्रिलमध्ये सरळगावच्या जरा पुढं कमळाबाईनं चालत्या गाडीचं दार उघडलं.

तिला एक विहीर दिसली आणि तिथं उतरायचं होतं, बस एवढंच. तेव्हा ती पुढच्या सीटवर बसायची, पट्टा तिनं कधीच काढून टाकला होता. इंद्रजीतनं एका हातानं स्टेअरिंग धरलं आणि दुसऱ्या हातानं पदर. पदर टरकला, पण बाई आत राहिली. गाडी थांबल्यावर ती हसत होती. इंद्रजीत पाव तास स्टेअरिंगवर डोकं टेकून बसला होता. त्या दिवसापासून रस्त्यावरून दाराचा आवाज आला, कुणाच्याही दाराचा, तरी तो दचकून वळून बघायचा.

दुसऱ्याच दिवशी तो शहापूरला चंदरकडं गेला. चंदर गाड्यांची वायरिंग करतो. मुरबाड रस्त्याला त्याची पत्र्याची शेड आहे. माणूस जिभेचा फाटका पण हाताचा बारीक. त्यानं चारी दारांत लॉक ओढणाऱ्या छोट्या मोटारी बसवल्या, एक काळी डबी लावली आणि स्टेअरिंगजवळ एक बटण दिलं. बटण दाबलं की चारी दारांच्या खुंट्या एकदम खाली, पुन्हा दाबलं की वर. म्हातारीला आता मागं बसवायचं. तिनं तिथून खुंटी वर ओढलीच, तर टक्क असा आवाज येणार आणि इंद्रजीतनं पुढून बटण दाबून ती लगेच खाली घालायची.

"डबी पुढं नाय लावत," चंदर म्हणाला होता. "पुढची वायरिंग वीस वरसांची हाय. एक वायर धरली तर चार तुटतील. मागच्या सीटखाली पोकळी हाय, तिथं सुखात राहील."

मागच्या सीटचा डावा कोपरा सैल होता, उचलला की उचलला जायचा. तिथं खाली डबी बसली. इंद्रजीतला तेवढ्यानं समाधान कुठलं! त्यानं घरी येऊन मागच्या दोन्ही काचांची फिरवायची हँडलंसुद्धा काढून टाकली, म्हणजे आईला हात बाहेर काढता येऊ नये. आता काय होणार? काहीच होणार नाही. दोन महिने खरंच काही झालं नाही.

जुलैच्या पहिल्या रविवारी परतताना मुरबाडच्या अलीकडं टक्क झालं आणि चारी खुंट्या वर आल्या.

म्हातारीचे दोन्ही हात मांडीवर होते. तिनं काही केलं नव्हतं. त्यानं बटण दाबलं, खुंट्या खाली गेल्या. दोनशे पावलं गाडी गेली नसेल, पुन्हा टक्क. पुन्हा वर. समोरून ट्रक येत होता, शेजारून एसटी चालली होती आणि मागं त्याच्या आईच्या कोपराजवळ दार नुसतं टेकलेलं. उरलेल्या रस्त्यात त्यानं ते बटण किती वेळा दाबलं याचा हिशोब नाही. सापगावला पोचला तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता. "आलास रे इंद्या?" कमळाबाईनं उतरल्यावर विचारलं, जणू ती घरीच होती.

सोमवारी कामावरून सुटून तो थेट चंदरच्या शेडमध्ये. चंदरनं टेस्ट लँप लावला, फ्यूज बघितला, दाराच्या रबरातून जाणाऱ्या वायरी ओढून बघितल्या. चाळीस वेळा बटण दाबलं. चाळीसही वेळा लॉक शहाण्यासारखं वरखाली झालं.

"कायच नाय रे याला," चंदर म्हणाला. "तुजंच बोट लागलं आसंल."

"चंदरभाऊ, मी स्टेअरिंग सोडून हात हलवला नाय."

"मंग भ्यालेला व्हतास."

हे काही कुणी नाकारू शकत नव्हतं. पण पुढच्या रविवारी तेच झालं, आणि या खेपेला लॉक वर येऊन थांबेना. आपोआप वर, आपोआप खाली, चारी दारं एकदम दात वाजवल्यासारखी. जाताना एकदासुद्धा नाही, सगळं येतानाच. मंगळवारी चंदरनं बटण बदललं, डबीची अर्थिंगची वायर घासून नवी केली. सीटचा कोपरा उचलून त्यानं हात घालून चाचपलं, तर डबी जागच्या जागी, कोरडी ठणठणीत. थोडी माती होती, ती जुन्या गाडीत असायचीच. तिसऱ्या रविवारी पुन्हा तेच. इंद्रजीत एकटाच किन्हवलीपर्यंत गाडी पळवून आला, खड्डे मुद्दाम शोधून त्यात घातली. लॉक हललं नाही.

म्हणजे होतं ते आई गाडीत असतानाच, ती नसली की होत नाही. हा विचार डोक्यात आला तेव्हा त्याला स्वतःचीच भीती वाटली. आरशात तो तिच्याकडं चोरून बघू लागला. ती नुसती बसलेली असायची, ओठ पुटपुटत, नखांत माती. माहेरी बांधावर बसते, हात मातीत घालते, त्यात काय नवल. त्यानं एकदा विचारलंही, "आये, तू सीटखालची वायर वढतेस काय गो?" ती त्याच्याकडं बघून म्हणाली, "मी कशाला वढू? तुजी गाडी हाय."

"काढून टाकू कनेक्शन," चंदरनं शेवटी हात टेकले. "ना लॉक, ना कटकट."

"आन् तिनं दार उघडलं तर?"

लॉक ठेवावं तर ते केव्हा दगा देईल सांगता येत नाही, आणि काढावं तर एप्रिलचा तो फाटका पदर डोळ्यांसमोर यायचा. रविवारी जाणंच बंद करावं, असं समीक्षा म्हणाली. पण आठवडाभर गुमान भिंतीकडं बघणारी म्हातारी टोकावडं जवळ आलं की खिडकीला नाक लावायची, भावाच्या खाचराकडं बोट करून हसायची. तिचं तेवढंच उरलं होतं. ते कसं काढून घ्यायचं?

चौथ्या रविवारी ऊन पडलं होतं. आठ दिवस कोसळून पावसानं उघडीप दिली होती आणि टोकावड्याच्या दोन्ही बाजूंना खाचरांत बाया वाकून आवणी करत होत्या. दुपारी धाऊमामाकडून निघून डांबरी रस्त्याला लागेपर्यंतच लॉकनं सुरुवात केली. टक्क, टक्क, टक्क. आजचा आवाज वेगळा होता, अडकत अडकत येणारा. जळका वासही आला. इंद्रजीतला वाटलं, आता हिच्या सीटखाली आग लागणार.

त्यानं गाडी कडेला घेतली. रस्ता तिथं थोडा उताराचा आहे आणि खाली एक मोरी. हँडब्रेक ओढला. बॅटरी अशक्त, इंजिन बंद केलं तर पुन्हा लागेल याची खात्री नाही, म्हणून ते चालूच ठेवलं. चावी तशीच. तो उतरला, दार लोटलं आणि मागच्या दाराकडं दोन पावलं गेला.

टक्क.

चारी खुंट्या खाली गेल्या आणि या खेपेला खालीच राहिल्या.

त्यानं मागचं दार ओढलं, पुढचं ओढलं, पलीकडं धावत जाऊन तिकडची दोन्ही ओढली. मागची काच खाली घ्यायला आत हँडल नव्हतं, ते त्यानंच काढलं होतं. दुसरी चावी सापगावला कपाटात होती. काचेवर आतून वाफ धरायला लागली होती आणि त्या वाफेआड कमळाबाई बसली होती.

"आये! ती खुंटी वर कर! वर, वर!" त्यानं काचेवर हात मारला.

कमळाबाईनं त्याच्याकडं पाहिलं, आणि इंद्रजीतला जे दिसलं त्यानं तो जागीच थिजला. ती घाबरली होती. गाडीला नाही, लॉकला नाही. बाहेर एक मोठा माणूस काचेवर थापा मारत ओरडत होता, आणि तो कोण ते तिला ठाऊक नव्हतं. ती सीटवर मागं मागं सरकली आणि तिनं पदर तोंडावर घेतला.

"आये, मी हाय. इंद्या हाय मी!"

तिनं मान हलवली. नाही, नाही. आणि मग त्या माणसापासून दूर जायला ती दोन पुढच्या सीटांच्या मधे वाकली, हाताला सापडेल ते धरू लागली. तिच्या मुठीत हँडब्रेकचा दांडा आला.

गाडी वीतभर पुढं सरकली.

तो रस्त्याच्या कडेला धावला, तिथं एक मोठा दगड होता, तो दोन्ही हातांनी उचलला. पुढची काच फोडायची, हात घालायचा, बस. त्यानं दगड डोक्यापर्यंत नेला आणि आतून किंकाळी आली. म्हातारी काचेकडं बघत होती, हात जोडत होती. त्याच्याच आईनं त्याच्यापुढं हात जोडले होते. त्याला ते सहन झालं नाही. तो खाली बसला आणि तोच दगड त्यानं पुढच्या चाकाखाली घट्ट सारला. गाडी त्याला टेकून थांबली. इंजिन घुरघुरत राहिलं आणि सीटखालचा तो जळका वास दाराच्या फटीतून बाहेर येत राहिला.

आरडाओरडा ऐकून खाचरातली एक बाई बांधावर आली होती. पोटऱ्यांपर्यंत चिखल, पाठीवर प्लॅस्टिकचा कागद. बाईजा तिचं नाव, हे नंतर कळलं. मागं आणखी चौघी उभ्या.

"काय चाललंय रे? कोण हाय गाडीत?"

"आय हाय माजी. लॉक पडलंय. आतली खुंटी वर केली तर उघडंल, पन ती... ती वळखत नाय मला."

बाईजानं काचेला डोळा लावला. बराच वेळ बघितलं. मग विचारलं, "हातांना चिखल हाय तिच्या. आवणी करायची काय ही?"

"जल्मभर."

"नाव काय?"

"कमळ."

"तू खाली बस," बाईजा म्हणाली. "दाराच्या खाली. दिसू नको तिला."

इंद्रजीत मागच्या दाराशी उकिडवा बसला, डोकं काचेच्या खाली, हात वर करून बाहेरच्या कडीवर. स्वतःच्या आईपासून लपून. बाईजा गाडीपासून चार पावलं लांब गेली, गाडीकडं पाठ केली, आणि आवणीला बाया बांधावरच्या बाईला रोपांच्या मुठींसाठी हाळी देतात तशी तिनं हाळी दिली.

"गो कमळे! रोप सरलं गो! मुठी आन बिगीबिगी!"

काही झालं नाही. नुसता इंजिनचा आवाज.

"कमळे, बाया खोळंबल्यात! आनतेस का नाय?"

आत हालचाल झाली. सीट करकरली. इंद्रजीतला दिसत नव्हतं, बांधावरच्या बायांना दिसत होतं, आणि त्यांतली एक म्हणाली, "अगो, हिच्यापाशी खरंच रोप हाय!"

कमळाबाईनं सीटचा सैल कोपरा उचलला होता. त्याखालून तिनं भाताच्या रोपाची एक मूठ काढली, हिरवीगार, मुळांतून पाणी गळणारी. मग दुसरी. मग तिसरी. त्या कडेवर घेऊन ती दाराशी आली आणि तिनं खुंटी वर ओढली. टक्क. डबीनं ती लगेच खाली खेचली. इंद्रजीतनं ओढलेली कडी रिकामीच हलली. तिनं पुन्हा ओढली, पुन्हा खाली. आता ही कंटाळणार, विसरणार, परत आत जाऊन बसणार, असं त्याला वाटलं. तिसऱ्यांदा तिनं खुंटी वर ओढली आणि बोटांत धरूनच ठेवली, सोडली नाही. दार उघडलं आणि इंद्रजीत चिखलात पाठीवर पडला.

कमळाबाई त्याच्याकडं न बघता उतरली आणि मुठी घेऊन बांधावर गेली.

तो पुढं झेपावला, ब्रेक ओढला, चावी फिरवली. इंजिन थांबल्यावर एवढी शांतता झाली की त्याला रडू आलं. मग त्यानं सीटचा कोपरा वर केला. काळी डबी चिखलाच्या पाण्यात बसली होती, एका बाजूनं वितळलेली. भोवती मागच्या रविवारांच्या मुठी, वाळून पिवळ्या पडलेल्या, पार कोपऱ्यात सारून ठेवलेल्या. दर रविवारी म्हातारी भावाच्या खाचरातून मुठी उचलून पदराखाली लपवत होती आणि तो मामाचा निरोप घेईपर्यंत सीटखाली ठेवत होती. रोप उन्हाला लागू नये म्हणून सावलीत ठेवतात. सगळ्या गाडीत तिला सावली तेवढीच सापडली होती.

त्यानं चंदरला फोन लावला. चंदरनं स्वतःलाच एक शिवी घातली. "रविवारी वली, सोमवारी वाळलेली. आन् मी शहाना तीन आठवडे वाळलेली डबी तपासतोय. फ्यूज काढ इंद्रजीत, डबीला हात नको लावू."

फ्यूज काढला. आता लॉक मेलं. खुंट्या हातानं वरखाली होणार, आणि सापगावापर्यंतचा सगळा रस्ता समोर पडलेला.

पण न्यायचं कसं? तो बांधाशी गेला तशी कमळाबाई बाईजाच्या मागं झाली. "हा दगड घेऊन आलेला," ती म्हणाली. "मी नाय जात याच्याबरूबर."

पाचही बायांनी त्याच्याकडं बघितलं. आता त्यांच्याही नजरेत थोडा संशय होता. इंद्रजीतनं घाईघाईनं मोबाइल काढला आणि बुद्धपौर्णिमेला समीक्षानं काढलेला फोटो दाखवला, आई खुर्चीवर आणि तो शेजारी. बाईजाची खात्री पटली. तिनं मोबाइल म्हातारीपुढं धरला.

"हा कोण गो?"

कमळाबाईचा चेहरा उजळला. "हा माजा इंद्या." मग तिनं फोटोतल्या माणसाकडून समोरच्या माणसाकडं बघितलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली. "याच्याकडं कसा फोटू माज्या पोराचा?"

ज्या प्रश्नाची भीती इंद्रजीत रोज संध्याकाळी वळणावरून घरापर्यंत पायांत घेऊन चालायचा, त्याचं उत्तर आलं होतं. भर दुपारी, उन्हात, चार लोकांत. तो मेला नाही, एवढंच. उभा होता.

"राहू दे तिला घटकाभर," बाईजा हळू म्हणाली. "एवढं खाचर व्हऊ दे."

कमळाबाई खाचरात उतरली. वाकली, आणि तिचे हात चालायला लागले. तीन काड्या, अंगठा, चिखल. तीन काड्या, अंगठा, चिखल. मीठ विसरलेले, वाट विसरलेले हात एकदाही चुकले नाहीत. इंद्रजीतला बांधावर बसवेना. त्यानं पँट दुमडली आणि तिच्यापासून चार हात लांब तोही उतरला, एक मूठ सोडून लावू लागला. त्याची रोपं आडवी पडत होती. थोड्या वेळानं तिनं त्याच्याकडं मान वळवली.

"आसं नाय रे भाऊ. मुळी सरळ जाऊ दे. आयशीनं शिकवलं नाय तुला?"

"शिकवलेलं," तो म्हणाला. "मीच नाय ध्यान दिलं."

तिनं त्याची रोपं उपटून पुन्हा लावली आणि पुढं सरकली. खाचर झालं. तिनं पाटाच्या पाण्यात पाय धुतले, हात धुतले, पदराला पुसले. मग सगळ्यांच्या आधी ती गाडीकडं गेली, पुढचं दार उघडलं आणि बसली. इंद्रजीत भीत भीत जवळ गेला. त्यानं पट्टा लावला, तिनं लावू दिला. खुंटी त्यानं हातानं खाली दाबली. ती ओढायला तिला फक्त दोन बोटं लागणार होती, आणि या खेपेला ती पुन्हा खाली खेचणारं कुणी नव्हतं.

"कुठं जायचं आज्जी?" त्यानं विचारलं. आवाज शक्य तितका परका ठेवला, ती पुन्हा भिऊ नये म्हणून.

"सापगावला सोड. आन् जरा बेगीन चल रे भाऊ. पोरगा घरी एकलाच हाय माजा. लय भितो."

"कशाला भितो?"

"मी परत येन का नाय, त्याला," कमळाबाई म्हणाली, आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून समोरच्या रस्त्याकडं बघत बसली.

इंद्रजीतनं चाकाखालचा दगड काढला आणि गाडी रस्त्यावर घेतली.